पार्सल गहाळ, चालक धास्तावलेला : पहिल्या तासापासून तक्रार मिटेपर्यंत काय करावे

फोनच्या पडद्यावर ‘पोहोचवले’ अशी नोंद दिसते, हातात मात्र काहीच आलेले नसते. थोड्याच वेळात पार्सल आणणाऱ्या चालकाचा फोन येतो, ‘तुम्हाला मिळालं का हो? माझ्याकडे दिसत नाहीये,’ आणि तो घाबरला आहे हे आवाजावरूनच कळते. अशा वेळी काही जण त्याच्यावर थेट चोरीचा आळ घेतात, तर काही जणांना त्याची दया येते आणि ते ‘असू द्या, मिळालं म्हणून लिहा’ असे सांगून मोकळे होतात. यांपैकी कशानेही पार्सल सापडत नाही. पहिल्या प्रकारात ज्याने ते शेवटचे हाताळले तो माणूस बोलायचा थांबतो आणि दुसऱ्या प्रकारात ते हरवले होते याचा पुरावाच आपण आपल्या हाताने पुसतो. पहिल्या दिवशी दोषी कोण हे ठरवायचे नसते, पार्सल शोधायचे असते, आणि या शोधात धास्तावलेला चालक हा आपला सर्वांत जवळचा साक्षीदार असतो, हे धरून पुढचे सर्व लिहिले आहे.

आधी नोंदी नीट वाचाव्यात

फोन उचलून कोणाला काही बोलण्यापूर्वी पार्सलच्या प्रवासाच्या सगळ्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचाव्यात आणि त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण तक्रार झाल्यावर काही नोंदी बदलतात किंवा नव्या नोंदींखाली दबून जातात. या नोंदी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. बारकोड कोणीतरी यंत्रासमोर धरला किंवा यादीतील एखाद्या ओळीवर बोट ठेवले, एवढेच नोंद सांगते; पार्सल त्या क्षणी तिथेच होते, अशी खात्री ती देत नाही. अनेक पार्सले एका पिशवीत भरून तिला मोहोर लावली की पुढच्या केंद्रावर पुष्कळदा त्या पिशवीचाच बारकोड वाचला जातो आणि आतल्या प्रत्येक पार्सलापुढे ‘पोहोचले’ अशी नोंद आपोआप होते. आपले पार्सल त्या पिशवीत गेलेच नसेल, तरी कागदावर मात्र ते प्रवास करत राहते. वाहनात माल चढवतानाही हेच घडू शकते. म्हणून ‘वितरणासाठी निघाले’ ही नोंद पार्सल स्वतंत्रपणे स्कॅन करून झाली की संपूर्ण यादी एकदम चढवून झाली, हा प्रश्न पुढे तक्रारीत अवश्य विचारावा. पार्सल गोदामाबाहेर पडलेच नव्हते, असे उत्तर त्यातून निघू शकते, आणि तसे निघाल्यास चालकावरचे ओझे तिथेच उतरते.

वेळेच्या नोंदीबाबतही घाई करू नये. तळघरात किंवा लिफ्टमध्ये नेटवर्क नसेल तर चालकाच्या यंत्रातली नोंद मागाहून वर जाते आणि काही यंत्रणांत ती मागची वेळच पडद्यावर दिसते. परदेशातून आलेल्या पार्सलच्या नोंदी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळेनुसार असू शकतात. ‘त्या वेळी तर मी घरातच होतो’ हा मुद्दा मांडण्यापूर्वी ही शहानिशा करून घ्यावी.

वजनाची नोंद उपलब्ध असल्यास ती पाहावी. पाठवतानाचे वजन आणि मधल्या केंद्रावरचे वजन यांत फरक असेल, तर वस्तू वाटेत काढली गेली असण्याची किंवा वेष्टन फाटल्याची शक्यता असते आणि तो प्रश्न शेवटच्या चालकाच्या हाती पार्सल येण्याआधीचा असतो.

क्रमांक हाताने लिहून घेतला असेल, किंवा चालकाने चिठ्ठीवर लिहून दिला असेल, तर तो बरोबर आहे ना हेही तपासावे. आंतरराष्ट्रीय टपालाचे क्रमांक १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या एका मानकानुसार तयार होतात. त्यांत एकूण तेरा चिन्हे असतात. आधी सेवेचा प्रकार सांगणारी दोन अक्षरे येतात, मग आठ अंक, मग एक पडताळणीचा अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणावे, बेरीज करावी, तिला ११ ने भागावे आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करावी. उत्तर १० आले तर पडताळणीचा अंक शून्य असतो आणि ११ आले तर पाच. उदाहरणार्थ, १२३४५६७८ या आठ अंकांची अशी बेरीज २०४ येते, बाकी ६ उरते आणि पडताळणीचा अंक ५ ठरतो. नववा अंक या हिशेबाशी जुळत नसेल, तर क्रमांक उतरवताना चूक झाली आहे हे नक्की समजावे. खासगी कंपन्यांचे क्रमांक त्यांच्या त्यांच्या पद्धतीचे असतात, त्यांना हा हिशेब लागू होत नाही.

मग घर आणि इमारत पालथी घालावी

हे काम अर्ध्या तासात होते, तरी बरेच लोक ते टाळतात. घरातल्या प्रत्येकाला, झोपलेल्यालाही उठवून, विचारावे. मागचे दार, जिन्याखालची जागा, मीटरचा कोनाडा, पहारेकऱ्याची खोली आणि तिथली नोंदवही पाहावी. त्यानंतर आपल्याच क्रमांकाच्या पण वेगळ्या विंगमधल्या, आपल्याच आडनावाच्या, आणि बरोबर वरच्या व खालच्या मजल्यावरच्या घरांत चौकशी करावी. चुकलेली पार्सले बहुधा अशाच घरांत जातात, कारण पत्त्यातले एकच अक्षर किंवा एकच अंक वेगळा असतो.

पोच म्हणून छायाचित्र जोडलेले असेल तर ते मोठे करून पाहावे. दाराचा रंग, कडीची बाजू, फरशीची नक्षी, पायपुसणे, कोपऱ्यात दिसणारी चप्पल, सावलीची दिशा या गोष्टी शब्दांपेक्षा जास्त बोलतात. माझे स्वतःचे एक पार्सल तीन दिवस असेच बेपत्ता होते. छायाचित्रातले दार माझे नाही एवढे पाहून मी चालकाशी कठोर बोललो. दारापुढचे पायपुसणे नीट पाहिले असते, तर ते माझ्याच जिन्यावरच्या वरच्या घराचे आहे हे पहिल्याच संध्याकाळी कळले असते. त्या माणसाने तीन दिवस कसे काढले असतील याचा विचार मनातून अजूनही जात नाही, आणि हा लेख लिहिण्यामागे ते एक कारण आहेच.

नकाशावरच्या ठिपक्यावर किती विसंबावे, हेही सांगितले पाहिजे. साध्या फोनमधला जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आदळून परततात आणि चूक बरीच वाढते. शिवाय सपाट नकाशावरच्या ठिपक्यातून मजला कळत नाही. म्हणजे ‘ठिपका तुमच्याच इमारतीवर आहे’ हे उत्तर मिळाले, तर चालक इमारतीपर्यंत आला होता इतकेच मानावे, आपल्या दारापर्यंत आला होता असे मानू नये.

चालकाशी बोलताना

पार्सल सापडणार की नाही, हे बऱ्याचदा याच टप्प्यावर ठरते, म्हणून इथे घाई करू नये.

चालक का घाबरतो, हे आधी समजून घ्यावे. अनेक ठिकाणी त्याची कमाई पोहोचवलेल्या पार्सलांच्या संख्येवर ठरते. हरवलेल्या पार्सलची तक्रार त्याच्या नावावर चढते, कधी वस्तूच्या किमतीचा भुर्दंड त्याच्यावर टाकण्याची भाषा होते आणि कधी दुसऱ्या दिवशीचे कामच मिळत नाही. त्याच वेळी उरलेली फेरी त्याला वेळेत पूर्ण करायची असते. अशा मनःस्थितीतला माणूस विसरतो, गोंधळतो, एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देतो. म्हणून उत्तरात विसंगती दिसली म्हणजे तो खोटे बोलतो, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

पहिले वाक्य शांतपणे आणि आदराने बोलावे : ‘दादा, मी तुमच्यावर काही आरोप करत नाही. आपण दोघं मिळून शोधू. आधी गाडी बाजूला लावा, मग बोलू.’ गाडी बाजूला घेण्याचा आग्रह मनापासून धरावा, कारण चिंतेत असताना एका हाताने फोन धरून गाडी चालवणे कोणत्याही पार्सलपेक्षा मोठे संकट ओढवू शकते.

त्यानंतर ‘कुठे ठेवलं?’ असे थेट विचारू नये. या प्रश्नाला घाबरलेला माणूस नेहमीच्या सवयीचे उत्तर देतो, ‘दारातच ठेवलं असेल.’ १९८० च्या दशकात रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदारांशी बोलण्याची एक पद्धत विकसित केली, तिचे सूत्र इथे उत्तम लागू पडते. आधी माणसाला त्या प्रसंगात मनाने परत न्यायचे, मग क्षुल्लक वाटेल तेही सगळे सांगू द्यायचे, नंतर तोच क्रम उलटा सांगायला लावायचा, आणि मध्ये तोडायचे नाही. याचे व्यवहारातले रूप असे : ‘आमच्या आधी तुम्ही कोणाकडे गेला होता? तिथे काय दिलं? गाडी कुठे लावली होती? ऊन होतं की सावली? हातात एकाच वेळी किती पार्सलं होती? कोणाचा फोन आला होता का? आमच्यानंतर कुठे गेलात?’ मग शेवटच्या घरापासून मागे मागे यायला सांगावे. आपल्या घराआधीची दोन आणि नंतरची दोन ठिकाणे या बोलण्यातून मिळतात, आणि अदलाबदल झाली असेल तर ती बहुतेक करून याच चार ठिकाणी सापडते.

प्रश्नात उत्तर घालू नये, हे विशेष जपावे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोटारींच्या अपघाताची चित्रफीत पाहिलेल्या लोकांना वेग विचारला होता. प्रश्नात ‘धडकल्या’च्या जागी अधिक जोरदार क्रियापद वापरले, तेव्हा लोकांनी वेग जास्त सांगितला आणि आठवड्याने त्यांतल्या अधिक जणांना चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचाही ‘आठवल्या’. ‘तुम्ही ते खालच्या बाईंकडेच दिलं ना?’ असे दोनदा विचारले, तर प्रामाणिक चालकालाही त्या बाई आठवू लागतील आणि शोध चुकीच्या दाराकडे वळेल.

बोलणे झाले की त्याला गाडीत काही विशिष्ट जागा पाहायला सांगाव्यात : आसनाखाली, दाराच्या खाचेत, रिकाम्या घडी केलेल्या पोत्यांत, आणि परत न्यायच्या पार्सलांच्या ढिगात. पातळ पाकिटे मोठ्या खोक्याच्या खाली चिकटून जातात. चिकटपट्टीचा कोपरा सुटलेला असेल तर एक पार्सल दुसऱ्याच्या पाठीवर बसून थेट दुसऱ्याच्या घरी उतरते. लेबल खालच्या बाजूला गेलेले खोके डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, म्हणून प्रत्येक उरलेले खोके उलटे करून यादीशी ताडून पाहावे.

आपल्या घरी चुकून दुसऱ्याचे पार्सल आले असेल तर ते उघडू नये. त्याच्या लेबलचे छायाचित्र चालकाला पाठवावे, कारण ज्याचे पार्सल आपल्याकडे आले त्याच्याकडेच आपले गेले असण्याचा संभव मोठा असतो.

मदत करताना कुठे थांबावे

चालकाविषयी सहानुभूती असणे योग्यच आहे, पण तिच्या पोटी खोटी पोच देऊ नये. ‘ओटीपी सांगा, म्हणजे माझी नोंद बंद होईल, पार्सल मी उद्या आणून देतो’ अशी विनंती आली तर नम्रपणे आणि ठामपणे नकार द्यावा. ओटीपी सांगणे म्हणजे पार्सल हातात मिळाल्याची सही करणे होय. त्यानंतर विक्रेत्याकडे आणि वाहतूक कंपनीकडे आपली बाजू मांडायला काहीच उरत नाही, आणि पार्सल खरोखर न सापडल्यास खोटी नोंद केल्याचा दोष त्या चालकाच्याच माथी बसतो. त्याला हे समजावून सांगता येते : ‘मी खोटं लिहून दिलं तर उद्या तुम्हीच अडचणीत याल. त्यापेक्षा तुम्ही परत येऊन शोधलंत, हे मी खरं लिहून देतो.’

तो स्वतःच्या खिशातून पैसे देऊ लागला, तर ते घेऊ नयेत. ती भरपाई ठरत नाही, तिची कोठे नोंद राहत नाही, आणि नंतर पार्सल सापडले किंवा विक्रेत्याने परतावा दिला तर त्या गरीब माणसाचे पैसे विनाकारण गेलेले असतात. त्याचा चेहरा, गाडीचा क्रमांक किंवा चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकू नये. पार्सल दोन दिवसांनी सापडले तरी ती चित्रफीत फिरतच राहते. त्याची गाडी किंवा फोन अडवून ठेवू नये.

आपल्याला जे देता येते ते खऱ्या मजकुराचे चार ओळींचे निवेदन. त्याच दिवशी, संदेशाच्या रूपात, असे लिहावे : ‘अमुक क्रमांकाचे पार्सल मला आज सायंकाळी सहा वाजेपर्यंत मिळालेले नाही. संबंधित चालक पावणेपाच वाजता स्वतः परत आले होते. त्यांनी माझ्यासमोर वाहनातील उरलेली पार्सले तपासली आणि शेजारच्या दोन घरांत चौकशी केली. मी ओटीपी दिलेला नाही व कोणत्याही पावतीवर सही केलेली नाही.’ या मजकुरात कोणाची बाजू घेतलेली नाही, तरीही चालक पळून गेला नव्हता हे त्यातून सिद्ध होते आणि आपला दावाही अबाधित राहतो. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात चालकाला याहून मोठी मदत आपल्याला करता येत नाही.

चिंतेत असलेला चालक असल्याची बतावणी करून फसवणारेही असतात, हे इथे नोंदवले पाहिजे. पार्सल अडकले आहे, थोडीशी रक्कम भरा, ही लिंक उघडा, हे अ‍ॅप टाका, किंवा तारा अथवा हॅश चिन्हाने सुरू होणारा अमुक क्रमांक फिरवा, असे कोणी सांगितले तर तिथेच बोलणे थांबवावे. तारा चिन्हाने सुरू होणाऱ्या अशा काही क्रमांकांमुळे आपले सगळे फोन दुसऱ्याच्या फोनवर वळतात आणि फोन करून सांगितले जाणारे ओटीपी त्याच्या कानावर पडतात. खऱ्या चालकाला यांतल्या कशाचीच गरज नसते. खात्री करायची झाल्यास कंपनीच्या अ‍ॅपमधूनच फोन लावावा; आलेल्या क्रमांकावर उलट फोन करून खातरजमा होत नाही.

आपण स्वतः चालक असाल तर

हा लेख वाचणाऱ्यांत चालकही असतील, त्यांच्यासाठी वेगळे लिहितो. पार्सल दिसत नाही हे लक्षात येताच त्याच्यापुढे ‘पोहोचवले’ असे दाबू नये, आधीच दाबले गेले असेल तर ती चूक कशी झाली हे लपवू नये. मुकादमाला किंवा केंद्राला तोंडी सांगून थांबू नये, लगेच संदेशही पाठवावा. त्यात वेळ, ठिकाण आणि फेरीत उरलेल्या पार्सलांची मोजणी लिहावी. स्वतःहून केलेली वेळेवरची नोंद आणि तक्रार आल्यावर दिलेला खुलासा यांचे वजन सारखे नसते. सकाळी माल चढवताना ते विशिष्ट पार्सल आपल्या हाताने स्कॅन झाले होते का, हे दाखवण्याची मागणी करावी. कोऱ्या कागदावर, किंवा आपण न वाचलेल्या कबुलीजबाबावर, कितीही दटावले तरी सही करू नये.

मजुरीतून रक्कम कापली जाणार असे सांगितले गेले, तर कारण, रक्कम आणि कोणत्या अटीनुसार कापली जाणार हे लेखी मागावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ सालच्या वेतन संरक्षणविषयक ९५ व्या करारातील आठव्या कलमानुसार मजुरीतून वजावट करायची ती देशाच्या कायद्याने किंवा सामूहिक कराराने ठरवलेल्या मर्यादेतच करता येते आणि तिच्या अटी कामगाराला कळवाव्या लागतात. ज्या देशांनी हा करार स्वीकारला आहे तिथे त्याचा आधार घेता येतो. मात्र अनेक चालकांना कंपनी ‘कामगार’ मानतच नाही, तर ‘स्वतंत्र भागीदार’ मानते, आणि तिथे आपण सही केलेला करारनामा बाहेर काढून वाचण्याला पर्याय नाही. संघटना असेल तर पहिल्याच दिवशी तिला कळवावे.

आणि त्या रात्री एकट्याने, उपाशीपोटी, पुन्हा पुन्हा तीच फेरी मारत बसू नये. थकलेल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते सकाळी सहकाऱ्याच्या मदतीने अर्ध्या तासात दिसते.

तक्रार कोणाकडे आणि कशी

वस्तू विकत घेतली असेल तर पहिली तक्रार विक्रेत्याकडे करावी. आपला करार त्याच्याशी झालेला असतो; वाहतूक कंपनीची निवड बहुतेक वेळा त्याने केलेली असते आणि तिच्याकडून भरपाई मागण्याचा हक्कही मुख्यतः त्याचा असतो. युरोपीय संघाच्या २०११ सालच्या ग्राहक हक्क निर्देशात आणि ब्रिटनच्या २०१५ सालच्या ग्राहक कायद्यात हे स्पष्ट लिहिलेले आहे की वस्तू ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत तिची जोखीम विक्रेत्याकडे राहते, वाहतुकीची व्यवस्था ग्राहकाने स्वतः केली असेल तर गोष्ट निराळी. व्यापारासाठी केलेल्या खरेदीत मात्र उलट होऊ शकते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८० सालच्या आंतरराष्ट्रीय मालविक्री करारात, वेगळे काही ठरले नसेल तर, माल पहिल्या वाहतूकदाराच्या हाती दिला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. भेट म्हणून आलेल्या पार्सलबाबत पाठवणाऱ्याने तक्रार करावी, कारण पावती आणि करार त्याच्याकडे असतो.

तक्रारीत राग व्यक्त करण्यापेक्षा तपशील द्यावा. पार्सलचा क्रमांक, मागणीची तारीख, पडद्यावरील शेवटची नोंद, आपण केलेला शोध आणि वर सांगितलेले निवेदन एवढे लिहून नेमक्या मागण्या कराव्यात : पोचपावतीचे मूळ छायाचित्र, पोच नोंदवल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश, स्वतंत्र स्कॅनची नोंद, वजनाच्या नोंदी, आणि ठरावीक तारखेपर्यंत शोध न लागल्यास नवी वस्तू किंवा परतावा. चालकाविषयी लिहायचे झाले तर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. ‘चालकाने चोरले’ आणि ‘पार्सल मला मिळाले नाही’ या वाक्यांत मोठा फरक आहे. दुसरे आपल्याला ठामपणे सांगता येते, पहिले येत नाही. फोनवर बोलणे झाले असेल तर त्याचा सारांश लगेच लेखी पाठवावा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय थांबू नये.

वस्तूचे वर्णन सविस्तर द्यावे. लेबल फाटून किंवा सुटून गेलेली पार्सले केंद्रात वेगळी ठेवली जातात आणि पत्ता कळत नसेल तर ती उघडून आतल्या वस्तूवरून मालक शोधला जातो. ‘एक खोके’ एवढ्या वर्णनावरून तिथे काही सापडत नाही. खोक्याचा रंग आणि मापे, चिकटपट्टीचा प्रकार, आतल्या वस्तूची बनावट, रंग आणि अनुक्रमांक लिहावा. मोबाईल असेल तर बिलावरचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक द्यावा, त्यावरून पुढे तो फोन नेटवर्कवर बंदही करता येतो.

काही पार्सलांच्या बाबतीत मात्र शोध संपण्याची वाट पाहू नये. बँकेचे कार्ड असेल तर ते त्याच तासात बंद करावे, ओळखपत्र असेल तर संबंधित कार्यालयाला कळवावे. औषध असेल तर विक्रेत्याकडून तातडीने दुसरे मागवावे, आणि थंड ठेवावे लागणारे औषध उशिरा सापडले तर औषधतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

मुदतींकडे लक्ष ठेवावे. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार परदेशी टपालाची चौकशी टपालात दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करता येते; खासगी वाहतूकदारांच्या आणि विम्याच्या मुदती यापेक्षा बऱ्याच लहान असू शकतात. कार्डाने पैसे भरले असतील तर विक्रेत्याने दाद न दिल्यास बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते, तिलाही मुदत असते.

पोलिसांकडे जायचे ते वस्तू मौल्यवान असेल, ओळखीची कागदपत्रे गेली असतील किंवा चोरीची ठोस खूण असेल तेव्हा. तिथेही कोणाचे नाव संशयित म्हणून पुढे करू नये. घटनाक्रम सांगावा आणि तपास त्यांच्यावर सोडावा.

सापडल्यावर

पार्सल दोन दिवसांनी शेजारच्या विंगमधून, किंवा केंद्रातल्या कपाटातून, परत आले तर उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावलेली दिसते का ते पाहावे आणि शक्य असल्यास वजन करावे. परतावा आधीच मिळाला असेल तर वस्तू आल्याचे विक्रेत्याला कळवावे. तक्रार लेखी मागे घ्यावी, आणि ती मागे घेताना पार्सल कुठे सापडले हे स्पष्ट लिहावे, म्हणजे चालकाच्या नावावरची नोंद पुसण्यासाठी कंपनीकडे आधार राहील. ‘प्रकरण मिटले’ एवढेच लिहिले तर त्याच्या नावापुढचे प्रश्नचिन्ह तसेच राहते.

हे सर्व करण्याआधी, खोके हातात पडल्याबरोबर, अ‍ॅपमधून किंवा केंद्रामार्फत त्या चालकाला निरोप धाडावा. कंपनीकडून ही बातमी त्याच्यापर्यंत कधी पोहोचेल, की पोहोचणारच नाही, याचा भरवसा नसतो, आणि तोपर्यंत तो प्रत्येक फेरीत त्या जिन्यासमोर थांबून आठवत राहतो. ‘दादा, पार्सल मिळालं. बी विंगमध्ये गेलं होतं. मी कंपनीला तसं लेखी कळवतोय, त्याची प्रत तुम्हाला पाठवतो,’ एवढे पुरे आहे.